वाचकांचे प्रश्न : गावाचे गायरान, पुढच्या वीस वर्षांसाठी

गायरान, माळ, सामूहिक वन आणि देवराई यांच्याविषयी आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. पत्रे लांब होती, इथे मुद्द्यापुरती घेतली आहेत. उत्तरे कुरण, पाणलोट आणि वनहक्क या विषयांत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला कागदावर ६० हेक्टर गायरान आहे. ग्रामसभेत वीस वर्षांचा आराखडा करायचे ठरले. काहीजण म्हणतात, आधी रोपवाटिका घाला. सुरुवात तिथून करावी का? (ग्रामपंचायत सदस्य, ता. माण, जि. सातारा)

रोपवाटिकेला अजून वेळ आहे. आधी तलाठी कार्यालय गाठा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). गायरानाच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि भोगवटादार म्हणून सरकारचे नाव आहे की ग्रामपंचायतीचे, ‘गुरचरण’ अशी नोंद आहे की नाही, हे पाहा. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. तिची नक्कल मागून घ्या. नंतर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या नावाने मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे खातेदार हजर असले पाहिजेत आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. नाहीतर दुसऱ्याच महिन्यात हद्दीचा दगड सरकतो आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) हातात आली की हद्दीचे दगड पक्के रोवून घ्या. कागदावरचे ६० हेक्टर जागेवर ६० भरतीलच असे नाही. जेवढे भरेल तेवढ्याचाच आराखडा करा.

आता अतिक्रमण. सगळे अतिक्रमण एका मापाने मोजू नका. बांध कोरत कोरत दोन एकर आत आलेला बागायतदार आणि पिढीभर गायरानाचा तुकडा कसणारे भूमिहीन कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे आणि आधीपासून असलेली शाळा-दवाखाने यांच्यासाठी अपवादाची वाट ठेवली आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. मराठवाड्यातल्या अनेक दलित कुटुंबांचा आधार तोच आहे. अशी कुटुंबे तुमच्या गावात असतील, तर त्यांचे दावे कुठे अडले आहेत ते आधी पाहा आणि ते क्षेत्र आराखड्याबाहेर ठेवा. भूमिहीनाला उठवून केलेले संवर्धन न्यायाचे नाही, आणि ते टिकतही नाही. बागायतदाराच्या बाबतीत मात्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ (अतिक्रमण हटवण्याचा अधिकार) वापरायला कचरू नका.

प्रश्न : आम्ही डोंगरावर चराईबंदी केली. पहिले वर्ष उत्तम गेले, गवत कमरेला आले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका आठवड्यात सगळे चारून संपले. लोक ऐकत नाहीत. काय करावे? (पाणलोट समिती अध्यक्ष, ता. आष्टी, जि. बीड)

लोक ऐकत नाहीत हे खरे कारण नसते. बंदी कोणावर आली आणि वाढलेले गवत कोणाच्या गोठ्यात गेले, या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवा. बहुतेक गावांत पहिल्या यादीत शेळ्या पाळणाऱ्या बायका, भूमिहीन आणि धनगर असतात. दुसऱ्या यादीत दावणीला आठ-दहा दुभती जनावरे असलेले शेतकरी असतात. अशी राखण दुसऱ्या वर्षी मोडतेच, आणि तिथे राखणदार वाढवूनही उपयोग होत नाही.

म्हणून आधी हिशेब करा आणि तो ग्रामसभेत फळ्यावर मांडा. सप्टेंबरअखेर गवत फुलोऱ्यात असताना डोंगरावर वेगवेगळ्या ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचे किमान दहा चौकोन आखा. दाट, विरळ, माथा, पायथा असे सगळे प्रकार त्यात यायला हवेत. प्रत्येक चौकोनातले गवत कापून पूर्ण वाळवा, ग्रॅममध्ये तोला आणि सरासरी काढा. त्या आकड्याला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. १०० ग्रॅम भरले तर हेक्टरी १,००० किलो. चांगले दिसणारे दहा चौकोन निवडण्याचा मोह होतो. मग आकडा फुगतो आणि त्यावर बेतलेला सगळा आराखडा फसतो.

दुसरी बाजू जनावरांची. साधारण ३०० किलो वजनाच्या गायीला दिवसाला सहा ते सात किलो सुका चारा लागतो. समजा तुमचे क्षेत्र ६० हेक्टर आहे आणि हेक्टरी एक टन गवत आहे. त्यातले निम्मे जमिनीवर राहिलेच पाहिजे, नाहीतर बुंधे उघडे पडतात आणि माती वाहते. उरले ३० टन. दिवसाला सहा किलोने चार महिन्यांचे एका जनावराचे ७२० किलो होतात, म्हणजे डोंगर ४० जनावरांना चार महिने पोसेल. गावात जनावरे २०० असतील तर बाकीच्यांचे काय, हा प्रश्न बंदीच्या ठरावाआधी सोडवायचा असतो. राखलेल्या डोंगरावर तीन-चार वर्षांत उत्पादन दुप्पट होऊ शकते. पण मधली वर्षे ज्याची जनावरे उपाशी राहणार, त्याला त्या आशेवर बसवता येत नाही.

आता नियम. सगळा डोंगर एकदम बंद करू नका, कारण मग तो भार शेजारच्या गावाच्या हद्दीत किंवा वनखात्याच्या जंगलात जातो आणि भांडणे तिथे होतात. डोंगराचे चार भाग पाडा. ओढा, पायवाट, कडा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा हद्द म्हणून धरा. दरवर्षी एक भाग जूनपासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, पूर्ण बंद. बाकी तिन्ही भागांत आळीपाळीने चराई. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी टाकायची सवड मिळते. डोंगर फारच उघडा झाला असेल तर पहिली चार वर्षे दोन भाग बंद ठेवा. पहिल्या पावसानंतरचे सहा आठवडे कुठेच चराई नको. त्या कोवळ्या दिवसांत गवत मुळांतल्या साठ्यावर वाढत असते, आणि तेव्हा चरले की बुंधा मरतो. या सहा आठवड्यांसाठी कडबा राखून ठेवा, असे उन्हाळ्यातच गावाला सांगावे लागते.

बंद भागातले गवत विळ्याने कापायचे, बुंध्यापासून चार बोटे वर. पहिले तीन आठवडे ‘एक घर, एक विळा’ : ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही रोज एक भारा, आणि त्याने तो विकला तरी हरकत घ्यायची नाही. उरलेल्या गवताचा लिलाव करा, पैसे राखणदाराच्या मानधनाला आणि दगडी बांधाच्या दुरुस्तीला लावा. सगळेच गवत लिलावात काढले तर ते एक-दोघांच्या गोठ्यात जाते आणि तुमचा दुसऱ्या वर्षीचा अनुभव पुन्हा येतो. हिवरे बाजारने मोकाट चराई बंद केली तेव्हा गवत कापून नेण्याची मुभा ठेवली होती. त्या गावाचे नाव घेताना बंदी सगळ्यांना आठवते आणि मुभा विसरली जाते.

शेळीवाल्यांसाठी वेगळा भाग ठेवा. शेळी गवतापेक्षा पाला ओरबाडते, त्यामुळे काटेरी झुडपांचा भाग तिला चालतो. बांधावर शेवरी आणि हादगा लावायला रोपे द्यायची, तर पहिली रोपे शेळी पाळणाऱ्या बायकांना द्या. धनगरांचे कळप ज्या महिन्यांत आणि ज्या वाटेने येतात, ती वाट आणि मुक्कामाची जागा नकाशावर दाखवा. रब्बीच्या आधी रानात मेंढ्या बसवून घेणारे शेतकरीच गायरानावर त्यांना हुसकून लावतात, हे दुर्दैवाने अजून घडते. कळपप्रमुखांना ग्रामसभेत बोलवा आणि तारखा त्यांच्याशी बोलून ठरवा.

प्रश्न : एका कंपनीच्या मदतीने माळावर दहा हजार रोपे लावायची आहेत. मागच्या वेळची बहुतेक मेली. खड्डे, चर, जाती याविषयी मार्गदर्शन करावे. (शिक्षक, ता. सांगोला, जि. सोलापूर)

आधी तो माळ ओसाड आहे का, हे ठरवा. सोलापूर, सांगली, पुणे, नगर या पट्ट्यातले पुष्कळ माळ हे जंगल तुटून उरलेली जमीन नव्हेत. कमी पाऊस आणि वितीएवढी माती यांमुळे तिथे मुळातच गवत असते. लांडगा, खोकड, चिंकारा, चंडोल, माळटिटवी ही त्याच उघड्या जमिनीची प्राणिसंपदा. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले ते अशाच माळावर. त्यावर ओळीने झाडे लावली तर दोन्हीकडून तोटा होतो : झाडे खुरटतात आणि गवत जाते. तुमची रोपे मेली ती पाणी कमी पडल्यामुळे असेलही, पण एका वितीखाली मुरूम-कातळ असलेल्या जागी पाणी घालूनही झाड कायमचे धरत नाही.

पावसाळ्यानंतर माळ फिरून पाहा. पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचे बुंधे पावलापावलावर दिसले, तर तिथे कुदळ लावूच नका. चर खणायचे तर फक्त उघड्या, पाणी वाहून जाणाऱ्या उतारावर. चांगल्या गवतात चर खणले तर पन्नास वर्षांचे बुंधे एका दिवसात उपटले जातात आणि त्या भरावावर पहिले उगवते ते तण.

जिथे चर हवेत तिथे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे समतल चर पुरतात. एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. दहा मीटर अंतराने ओळी घेतल्या तर हेक्टरी हजार मीटर लांबी होते, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. हे १८ मिलिमीटर पाऊस अडवल्याबरोबर आहे. काम माथ्यापासून खाली करायचे. आखणी डोळ्यांच्या अंदाजाने कधीच करू नका. ए-फ्रेम (इंग्रजी A आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) वापरा, आणि कामाला लागण्याआधी तिचे दोन्ही पाय एकाच दोन खुणांवर अदलाबदल करून ओळंबा मधोमध येतो का ते तपासा. फ्रेमच चुकीची असेल तर शंभर मीटरचा चर ओढ्यासारखा एका टोकाला वाहतो, तिथे फुटतो आणि खाली नवी घळ पाडतो. चरात दर दहा-बारा मीटरवर न खणलेला हातभर गाळा सोडा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी सगळे पाणी जात नाही. माती खालच्या बाजूला टाका, पण काठापासून एक वीत जागा सोडून, नाहीतर पहिल्याच वळवात ती परत चरात येते.

झाडांची जागा ओढ्याकाठी, घळीत, चरांच्या भरावावर आणि हद्दीवर. तिथे बोर, हिवर, बाभूळ, करंज, कडुनिंब, आपटा चालतात. सीताफळाचे पान शेळी तोंडात घेत नाही, म्हणून हद्दीवर ते सोयीचे. खड्डे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, एप्रिलमध्येच काढून तापू द्या. गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खतासाठी चांगले, माळावर ते नको. दहा हजार हा आकडा कंपनीच्या अहवालासाठी आहे, तुमच्या माळासाठी नाही. त्याच पैशात मोजणी, दगडी बांध आणि तीन वर्षांचा राखणदार मागा. मदत देणाऱ्याला हे समजावून सांगितले तर पुष्कळदा पटते.

वेडी बाभूळ असेल तर ती नुसती तोडू नका, चौपट फुटते. मान्सूनच्या तोंडावर, जमिनीखाली वीत-दीड वीत जाऊन मुळाच्या गड्ड्यासकट काढा आणि पुढची तीन वर्षे फूट उपटत राहा. जनावरे तिच्या शेंगा खातात आणि शेणातून बी पसरते, म्हणून आधी चराईच्या वाटेवरची झाडे काढा. लाकूड, कोळसा यावर पोट असलेल्यांना तोडीचे काम द्या.

प्रश्न : गवताचे बी विकत घेऊन फोकले, उगवलेच नाही. बी खोटे होते का? (शेतकरी, ता. पुरंदर, जि. पुणे)

खोटे असेलच असे नाही. मारवेल, पवन्या यांचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते, म्हणून नोव्हेंबरमध्ये गोळा केलेले बी पुढच्या जूनमध्ये पेरावे. बी हलके आणि कुसळांचे असते, फोकले की वाऱ्याने किंवा मुंग्यांनी जाते. माती, शेण आणि बी कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा, पहिल्या चांगल्या पावसानंतर टाका आणि वरून काटेरी फांदी ओढा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर उगवत नाही. हेक्टरी पाच-सहा किलो बी पुरते. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याच्या बियांचे कवच कडक असते. उकळी येण्याआधीच्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढा. माळावर जुने बुंधे शिल्लक असतील तर मात्र बी विकत घेऊच नका, दोन पावसाळे राखण पुरते.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळून काही वर्षे झाली. बांबू विकतो, पैसे येतात. वनाधिकारी व्यवस्थापन आराखडा मागतात. तो त्यांच्या कार्य-आयोजनेसारखा (वनखात्याच्या जंगल-व्यवस्थापनाच्या योजनेसारखा) लिहावा लागतो का? (ग्रामसभा सचिव, जि. गडचिरोली)

नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) ने संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला आहे, आणि नियम ४(१)(ङ) खालची तुमची समिती तो आराखडा तयार करते, मंजूर ग्रामसभा करते. तो गोंडीत किंवा मराठीत, गावाला कळेल असाच लिहा. कार्य-आयोजनेशी मेळ घालणे हे पुढचे काम. वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही २०१२ च्या सुधारित नियमांनी समितीकडे आला. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये पट्टा मिळाला तरी स्वतःच्या बांबूचे परवाना-पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला होता, एवढे त्यासाठी झगडावे लागले. तो अधिकार वापरताना हिशेब चोख हवा.

आराखड्यात पहिल्यांदा जंगलाचे तुकडे लिहा, गावात जी नावे आहेत तीच : नाला, पहाडी, देवाची जागा. प्रत्येक तुकड्यासमोर काय घ्यायचे, कधी, किती आणि काय अजिबात नाही. एक तुकडा पूर्ण न तोडण्याचा ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने देवराईसाठी असे क्षेत्र राखले आहे. तेंदूसाठी होणारी छाटणी आणि आग नको, म्हणून तेंदूपत्ता तोडणेही थांबवले. तुम्ही तेच करावे असे नाही. तेंदूवर ज्यांचे वर्ष निघते त्या घरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

बांबूचे नियम लेखी हवेत, कारण पैसा येऊ लागला की इथेच घसरण होते. चक्र तीन किंवा चार वर्षांचे. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तोड बंद. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू उभा राहिलाच पाहिजे, बेटात किमान आठ-दहा बांबू शिल्लक. काप जमिनीपासून हातभराच्या आत आणि पेऱ्याच्या लगेच वर घ्यायचा. पेऱ्यावर खोलगट पेला राहिला तर त्यात पाणी साचून खोड कुजते. कंत्राटी मजूर बाहेरच्या कडेचा कोवळा बांबू तोडतात, तो हाताला सोपा येतो. मध्ये जुना बांबू अडकून राहतो आणि बेट घुसमटते. पैसे नगावर द्यायचे असतील तर वयाची तपासणी ग्रामसभेच्या माणसाने रोज करायची. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) किती काढायचे तेही ठरवा. घरच्या भाजीपुरते आणि बाजारासाठी यांत फरक करा.

आग पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत-पाला काढून टाकलेले पट्टे) १५ फेब्रुवारीपूर्वी झाल्या पाहिजेत. मोहफुले वेचण्यासाठी मोहाखाली पाला जाळण्याऐवजी तो झाडून काढायला किंवा खाली जुनी जाळी, साड्या अंथरायला घरोघर मदत द्या. गावात लागणाऱ्या आगींचे मोठे कारण तेच असते. पैशाचा काही भाग दरवर्षी जंगलाच्या कामालाच जाईल असा ठराव करा आणि तो आकडा विक्रीआधी ठरवा, नंतर नको. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने सीताफळाच्या विक्रीतून आणि रोपणाच्या कामातून हीच सांगड घातली आहे.

प्रश्न : देवराईची जमीन सातबाऱ्यावर काही घरांच्या नावे आहे. मुंबईला गेलेले वारस विकायचे म्हणतात. जैविक वारसा स्थळ करता येईल का? (वाचक, जि. सिंधुदुर्ग)

येते. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य शासन तसे घोषित करते. तुमच्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिकाची (रानजायफळाच्या जातीच्या झाडांची) दलदल २०२१ मध्ये घोषित झाली. तिच्या रक्षणाला स्थानिकांची श्रद्धाच कामी आली होती. पण घोषणेने मालकी बदलत नाही. वारसांशी बोलणी वेगळी करावीच लागतील. जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून राईची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत आताच करून घ्या. मुंबईकर मंडळी गणपतीत आणि शिमग्याला येतात, तेव्हा सगळे भाऊबंद एकत्र बसवा आणि हिश्शांचा कागद पुढे ठेवा. राईतले झरे ज्या विहिरींना पाणी देतात त्या विहिरींचे मालक हे तुमचे पहिले सोबती. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलेच झाड तोडायचे घाटले असेल, तर त्याच बैठकीत तेही थांबवा.

प्रश्न : सरपंच बदलला की आराखडा गुंडाळला जातो. वीस वर्षे तो चालू राहील याची तजवीज काय? (महिला बचत गट, ता. संगमनेर)

आराखडा सरपंचाच्या नावावर नसावा. नियम ग्रामसभेच्या ठरावात, ठरावाचा क्रमांक गायरानावरच्या फलकावर. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असतील तेवढे पुरतात. मात्र गायरानाचा नियम बदलायचा तर महिला ग्रामसभेत तो आधी मांडलाच पाहिजे, असे ठरावातच लिहून घ्या. पाणी आणि सरपण आणणाऱ्या बायकांनी केलेला नियम पुरुषांच्या बैठकीत एका मताने मोडू नये. समितीत निम्म्या बायका, भूमिहीन आणि पशुपालक ठेवा आणि दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य बदला, म्हणजे जुने आणि नवे सोबत काम करतात. दंड छोटा पण ठरलेला असावा, सगळ्यांना सारखा, आणि पावती फाडूनच.

एक जाड वही ठेवा. तीत दरवर्षी सप्टेंबरअखेर वर सांगितलेल्या त्याच दहा चौकोनांतल्या गवताचे वजन, कापलेले भारे, लिलावाची रक्कम, राखणदाराचे मानधन, दंड आणि आगीच्या तारखा. शिवाय सहा पक्क्या दगडांवर उभे राहून, ठरलेल्या दिशेने, ऑक्टोबर आणि मे महिन्यात फोटो. दगडावर क्रमांक कोरा, नाहीतर नवा माणूस दुसऱ्या ठिकाणाहून फोटो काढतो आणि तुलना होत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही वही मोठ्याने वाचायची, तिची एक प्रत शाळेत ठेवायची. पाच वर्षांनी चौकोनांचे वजन वाढलेले नसेल, तर चराईचे दिवस कमी करायचे की बंद भागाची पाळी बदलायची, हे त्या आकड्यांवरून ठरवा. दुष्काळाच्या वर्षी बंद भाग कोणासाठी, किती दिवस आणि कोणत्या क्रमाने उघडायचा, हे मात्र आताच, चांगल्या पावसाच्या वर्षी, लिहून ठेवा. मार्चमध्ये टँकर सुरू झाल्यावर ती चर्चा शांतपणे होत नाही.